लेकीच्या घरचं पाणी

ओहोटी लागली तरी उघाडीच्या फळ्या आपण होऊन सैल होत नाहीत, उपटाव्या लागतात. उपटणाऱ्याची कंबर साठीला टेकलेली असली की फळीपेक्षा तीच जास्त कुरकुरते. हिरामण मांडीभर चिखलात उभा राहून खालची फळी हलवत होता. खाजणात शिरलेलं भरतीचं पाणी आता बाहेर जायला निघालं होतं आणि फळी निघाली की त्याच्याबरोबर कोळंबी, बोईट, नशिबात असेल तर दोन-चार चिंबोऱ्या समोर बांधलेल्या जाळ्यात यायच्या होत्या. आमणखारची ही उघाडी, खाडीच्या बांधातलं पाण्याचं दार, त्याच्या आज्यानं राखली, बापानं राखली, आणि आता तो राखत होता.

"अवो, ती दोरी त्या सळईला कशाला बांधलीत?" बांधावर पाटी घेऊन बसलेल्या त्याच्या बायकोनं, कमळानं विचारलं. "सायबांची हाय ती."

"सायबांची हाय म्हनून त घट्ट हाय."

सळई लोखंडी होती, डोक्याला लाल रंग लावलेली. मोजणीवाले महिन्याभरापूर्वी ठोकून गेले होते. हिरामणच्या जाळ्याचा लाकडी खुंटा नेमका तिथंच होता, तो त्यांनी उपटून टाकला, तेव्हा यानं आपली दोरी त्यांच्या सळईला बांधली. एवढीच काय ती त्यानं सरकारशी केलेली बरोबरी.

सळई होती पायपाच्या खुणेची. भिवंडीच्या अंगाला कापड रंगवायच्या डाइंगा आहेत. त्यांचं पाणी आजवर बोरशेतच्या नाल्यात जायचं. आता ते सगळं एका ठिकाणी गोळा करून, तिथं साफ करून, जमिनीखालच्या पायपातून आमणखारच्या खाडीत सोडायचं घाटत होतं. पायपाचं तोंड येणार होतं उघाडीपासून हाकेच्या अंतरावर. बदल्यात बांधावरून पक्का रस्ता, गावाला नळ आणि थोड्या पोरांना प्लांटवर ड्युटी. रस्ता आणि नळ ऐकून गावातले निम्मे लोक विरघळलेच होते, पण खाजण सगळ्यांचंच होतं. भात पिकायचं ते तिथं आणि कालवणाला मासळी यायची तीही तिथूनच.

मोजणीवाल्यांबरोबर एक मॅडम आली होती. टोपी घातलेली, वागायला चांगली पोर. हिरामणनं तिला सांगितलं होतं, "बाय, तुमी सोडलेलं पानी समुद्रात जात न्हाय. उधानाला मागं येतंय. आलं की या उघाडीतून आमच्या शेतात."

तिनं हसण्यावारी नेलं नाही. "भरतीचा हिशेब धरलाय, काका. पाणी साफ केलेलं असेल. आणि आत्ता ते साफ न करता नाल्यातून शेवटी तुमच्याच खाडीत येतंय ना?"

 मॅडम बरोबर असेलही. मशीन चालू असेल तोवर बरोबर. मशीन बंद पडलं तर काय, हे त्याला घरी आल्यावर सुचलं, तोवर मॅडमची गाडी वडप्याच्या हायवेला लागली होती.

गावानं ठरवलं, पायपाच्या जनसुनावणीत हिरामणनं बोलायचं. दोनच शब्द पक्के करायचे, 'आमची हरकत आहे.' आता ज्या माणसानं जन्मभर प्रत्येकाला 'हरकत न्हाय' म्हटलं, कोणी बैल मागितला, कोणी लग्नाला मंडपाची जागा मागितली, कोणी वावरातून वाट मागितली तरी 'हरकत न्हाय', त्याला 'हरकत आहे' म्हणायला जीभ वळवावी लागते. कमळा रोज भाकऱ्या थापताना त्याचा पाठ घ्यायची.

"बोला."

"आमची हरकत न... हाय."

"मधी न कशाला आनताव? मेल्यावर बोलनार का सरळ?"

हसण्यासारखंच होतं, आणि दोघं हसायचीही. पण हसून झालं की कमळा पाठ तिथंच थांबवायची, कारण बोरशेत हे काही परकं गाव नव्हतं. तिथं त्यांची लेक दिलेली होती.

रुचिकाचं लग्न होऊन सहा वर्षं झाली होती. पोटी मूल नव्हतं. दोनदा राहिलं, दोनदा गेलं. आणि हिरामणच्या घरचा रिवाज असा, की लेकीच्या पोटी पोर येईपर्यंत बापानं तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. हा रिवाज कोणी घातला देव जाणे. घालणाऱ्याला लेकीकडं उन्हाचं चालत जावं लागत नसणार. आता कोणी पाळत नाही, पण हिरामण पाळायचा. तो गेला की ओट्यावर बसायचा, आपली बाटली आपण न्यायचा, पाय धुवायलाही पाणी घ्यायचा नाही. पोर झालं की त्याच घरात तांब्याभर पाणी एका दमात पिणार, असं तो जावयाला, भावेशला, हसत सांगायचा. त्याच्या मते हा उपास होता. देव कधी ना कधी बघेलच.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मासळीच्या पिशवीत आठ चिंबोऱ्या बांधून तो बोरशेतला गेला. महमूदभाईनं टेम्पोतून सोडलं. महमूदचे शेलारच्या अंगाला चार लूम होते आणि हिरामणच्या चिंबोऱ्यांचा तो जुनं गिऱ्हाईक.

"उद्या तू बोलनार ना?" गाडी चालवता चालवता महमूदनं विचारलं. "बोल. पन एक लक्षात ठेव. पाइप न्हाय झाली त डाइंगवाल्यांना नोटीस येनार. डाइंग बंद म्हंजे माझं कापड रंगवनार कोन? चारी लूम बंद. माझ्याकडं युपीची सहा पोरं हायत कामाला."

"मंग मी काय बोलू?"

"मी काय सांगू बाबा? तू मेरे लिये थोडी बोलेगा." आणि तो हसला, पण फार नाही.

व्याही ओट्यावरच होते. गुरुनाथ हा सरळ माणूस, कमी बोलणारा. व्याह्यांनी एकमेकांशी आवाज चढवायचा नसतो, त्यामुळं दोघं भांडलेसुद्धा अगदी अदबीनं.

"याही, राग मानू नका," गुरुनाथ म्हणाला. "तुमच्या खाडीला मागं समुद्र तरी हाय. आमच्या नाल्याला काय हाय? ज्या दिवशी जो रंग लागला तो आमच्या दारात. मंगळवारी जांभळा होता."

"तसं न्हाय याही. पन आमच्या जेवनाच्या पानावर आनून सोडायचं म्हंजे..."

"आमच्या पानावर हायच की ते."

 गुरुनाथ म्हशीला बघून येतो म्हणून उठला. ती बांधलेलीच होती आणि तिला बघण्यासारखं काही नव्हतं.

रुचिका चिंबोऱ्या घ्यायला बाहेर आली. पिशवी घेताना तिचे हात बापाच्या डोळ्यांसमोर आले. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी फाटलेली, भेगांत लाल रेघा. माहेरी यायची तेव्हा हातभर मेंदी असायची, नाहीतर म्हणायची भांड्याच्या साबणानं झालंय. तो ऐकून घ्यायचा.

"साबन बदलला न्हाय का गं?"

"साबन कसला, बाबा. पानी हाय ते." ती खाली बसली. "प्यायला जार येतो. आला त आला. भात, डाळ, आंघोळ, भांडी सगळं नाल्याकाठच्या विहिरीचंच. जार संपला की प्यायलाही तेच."

"कधी बोलली न्हायस."

"तुमी कधी पिलाव?"

हे ती रागानं म्हणाली नाही. जे होतं ते म्हणाली. सहा वर्षं तो या ओट्यावर येऊन आपल्या बाटलीतलं आमणखारचं पाणी पिऊन गेला होता, आणि तो समजत होता की लेकीसाठी उपास करतोय. हिरामणला स्वतःची इतकी लाज वाटली की पाय कुठं ठेवावेत ते कळेना.

"डाक्टर काय बोलते?" त्यानं शेवटी विचारलं. हा प्रश्न आजवर कमळा विचारायची.

"ती बोलते, पान्यानंच गेलं असं सांगता येत न्हाय. आनि पान्यानं गेलं न्हाय असंबी सांगता येत न्हाय."

ती आत गेली आणि पेला भरून घेऊन आली. पाणी दिसायला जवळजवळ स्वच्छ होतं. उन्हात धरलं तर थोडी पिवळी झाक.

"उद्या तुमी हरकत घेनार. घ्या. तुमचं पन खरं हाय, मी त्याच खाडीचं खाऊन मोठी झाले. फक्त घोटभर पिऊन जा, मंग बोला."

हिरामणचा हात पेल्याकडं गेला आणि अर्ध्यातच थांबला. पाण्याची भीती त्याला वाटली नाही. प्यालो तर उपास मोडला, आणि मोडला तर तिसऱ्यांदा राहायचं तेही राहणार नाही, असं काहीतरी त्याच्या मनात आलं. अडाणीपणा म्हणा हवं तर.

"तुझ्या पोटी बाळ आल्याबिगर कसा पिऊ गं रुचे?"

तिनं पेला अंगणातल्या तुळशीत ओतायला नेला, तिथं थांबली, आणि बाजूच्या मोरीत ओतला.

सुनावणी वडप्याला, हायवेलगतच्या लग्नाच्या हॉलात होती. आदल्या दिवशीचं लग्न उरकलेलं असावं, कारण मागच्या पडद्यावरची थर्माकोलची अक्षरं तशीच होती आणि नवरानवरीच्या मखमली खुर्च्यांवर दोन साहेब बसले होते. डावीकडं आमणखार, उजवीकडं बोरशेत. सहा वर्षांपूर्वी रुचिकाच्या लग्नात हीच दोन गावं अशीच समोरासमोर बसली होती, तेव्हा मानपानावरून कुरबुर झाली होती आणि आता पाण्यावरून होती. हॉलवाल्यानं पंखे लावले होते, पण वारा साहेबांपुरता होता. बाहेर कंटेनर जात होते आणि प्रत्येक कंटेनरला माइकमधलं बोलणं बुडत होतं.

आधी मॅडमनं पडद्यावर चित्रं दाखवून फायदे सांगितले, धोके सांगितले, धोक्यांवरचे उपायही सांगितले. प्रामाणिकपणे सांगितले. मग बोरशेतच्या बाया उठल्या. प्रत्येकीनं आपापल्या घरच्या पाण्याची बाटली आणून टेबलावर ठेवली. कुणाची तांबूस, कुणाची शाईसारखी. शेवटी रुचिका आली. तिची बाटली सगळ्यांत स्वच्छ दिसत होती, त्यामुळं साहेबांनी तिच्याकडं बघितलंही नाही. ठेवताना बाही मागं सरली, ती तिनं ओढून घेतली.

"आमणखारतर्फे हिरामण," शिपायानं पुकारलं.

हिरामण उठला. मागून गाव हळू आवाजात म्हणालं, "बोल रे, घाबरू नको." कमळा पदर तोंडाशी धरून ओठ हलवत होती, पाठ घेतल्यासारखी. माइक त्याच्या उंचीला आणला. टेबलापलीकडं बोरशेत बसलं होतं. पहिल्या रांगेत गुरुनाथ, त्याच्या शेजारी भावेश, मागं रुचिका.

"आमची," हिरामण म्हणाला.

सगळे थांबले.

"आमची... म्हंजे सायेब..."  आहे म्हणावं तर तो रंग लेकीच्या भातात राहणार. नाही म्हणावं तर आजा-बापानं राखलेल्या उघाडीतून तोच रंग आपल्या हातानं आत घ्यायचा. दोन्हींपैकी एक शब्द बाहेर पडला असता तर सुटला असता, पण एकही पडेना.

साहेब माणूस वाईट नव्हता. "काका, घाई नाही. पाणी घ्या," असं म्हणून त्यानं आपल्या पुढची सीलबंद बाटली सरकवली.

हिरामणनं हात पुढं केला. हात सीलबंद बाटलीपर्यंत गेला, तिला ओलांडून पुढं गेला, आणि त्यानं रुचिकाची बाटली उचलली. झाकण फिरवलं. डोकं मागं टाकून तो प्यायला लागला. चव उकळलेल्या कपड्यांसारखी होती, आणि मागाहून जिभेला चुरचुर. तो थांबला नाही. सहा वर्षांचं एकदम प्यायचं होतं त्याला. बोलता येत नाही, तर निदान तिच्या बाजूनं पिता तरी येतं, एवढंच त्याच्या मनात होतं. हनुवटीवरून ओघळ गळ्यात गेला, सदरा भिजला.

 आमणखारच्या बाजूनं कुणीतरी टाळी वाजवली.

"बगा! पितोय बगा! काय धाड भरलीय बोरशेतच्या पान्याला? पायपाची गरजच न्हाय!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. आमणखारची पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. बोरशेत खवळलं. गुरुनाथ, ज्यानं आयुष्यात आवाज चढवला नव्हता, तो उभा राहून ओरडला, "याही, आमच्या पोरीबाळींच्या जिवाची मस्करी करताव? चार मानसांत?"

"तसं न्हाय," हिरामण म्हणाला, पण तोंडात पाणी होतं. गिळून पुन्हा म्हणाला, "तसं न्हाय वो याही," आणि नेमका तेव्हा बाहेरून कंटेनर गेला.

खुर्च्या सरकल्या. पोलीस मधे आले. साहेब लिहून घेणाऱ्याला सांगत होते, "आमणखारच्या ग्रामस्थांनी बोरशेतचं पाणी पिऊन दाखवलं, एवढं लिहा." मग हिरामणकडं वळून, गोंगाट आवरायच्या घाईत, म्हणाले, "काका, आता जरा खाली बसता का? पुढच्याला बोलू द्या."

"हरकत न्हाय," हिरामण म्हणाला.

सवयीनं म्हणाला. आणि अख्ख्या दुपारात माइकमधून स्पष्ट ऐकू गेलं ते एवढंच.

आता आमणखारच्याही टाळ्या थांबल्या. "काय बोल्ला? हरकत न्हाय बोल्ला?" "विकला गेला का काय रं हा?" सरपंच डोक्याला हात लावून बसला. हिरामणनं माइक धरायला हात पुढं केला, पण शिपायानं तो उचलून दुसऱ्याच्या तोंडापुढं नेला होता. हातात बाटली राहिली होती, तळाशी दोन घोट. त्यानं समोर बघितलं. रुचिका ओरडत नव्हती, रडतही नव्हती. ती बापाकडं बघत होती, वाचता येत नसलेल्या पाटीकडं बघावं तशी. मग तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि बायांच्या मधून वाट काढत बाहेर गेली. भावेश तिच्या मागं गेला.

परतीला महमूदचाच टेम्पो होता. महमूदनं एकदा "चलो, हो गया" म्हटलं. काय झालं ते त्यालाही माहीत नव्हतं. गाव आल्यावर कमळा उतरली, सरळ चालत घरी गेली, आणि चुलीपुढं बसून मग फुटली.

"कशाला पिलाव तुमी?"

"तिची बाजू घ्यायला पिलो."

"बाजू? सहा वरसं पोरीला बोलत आलाव, बाळ झालं की पिनार, बाळ झालं की पिनार. आनि आज चार मानसांत पिलाव. तिनं काय समजायचं?"

हिरामणला कळेना. मग कळलं. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. साहेबांना काय वाटेल, गावाला काय वाटेल, व्याह्याला काय वाटेल, यातलं काहीच त्यानं धरलं नव्हतं, पण निदान लेकीला कळेल असं त्यानं धरलं होतं.

"फोन लाव तिला."

"लावला. उचलत न्हाय."

पोटात मुरडा आला तो पहाटेपर्यंत राहिला. सकाळी ओहोटीला तो उघाडीवर गेला. आमणखारच्या वाटेवर लोक त्याच्याशी बोलले नाहीत, एकानं तर थुंकून वाट बदलली. सळई होती तिथंच होती, आता तिच्या पुढं आणखी एक ठोकलेली, तिचा लाल रंग ओला. सुनावणीचा निकाल लागायचा होता, पण सळईला तो आधीच कळला होता. हिरामणनं जाळं सोडलं, दोरी बांधायला नेहमीसारखा हात सळईकडं गेला, आणि त्यानं तो मागं घेतला. दुसरं बांधायला काही नव्हतं. दोरी हातालाच गुंडाळून तो फळी उपटायला वाकला, तेव्हा खिशातला फोन वाजला.

"बाबा, पोटात दुखतंय का?" रुचिकानं विचारलं.

"न्हाय गं."

"खोटं बोलू नका. पहिल्यांदा पिल्यावर सगळ्यांना दुखतं. ओव्याचं पानी घ्या."

"घेतो."

पलीकडं भांड्यांचा आवाज येत होता. ती तेच पाणी वापरून भांडी घासत होती. हिरामणनं फोन कानाला घट्ट दाबला.

"रुचे, काल मी..."

"असू दे बाबा. सासऱ्यांना मी समजावलं. मस्करी न्हवती म्हनून सांगितलं." भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. "मला कळलं तुमी का पिलाव ते. बरं केलंत. घरात सगळ्यांनाच तसं वाटतंय, पन कुनी तोंडानं बोलत न्हाय. आता बाळाची वाट बघायची न्हाय, ते तुमी तरी खरं सांगितलंत."

"तसं न्हाय," हिरामण म्हणाला. "तसं न्हाय गं पोरी, ऐक."

फोन बंद झाला होता. जाळ्याची दोरी हाताला करकचून ओढ देत होती, खाजणातलं पाणी फळीच्या फटीतून खाडीकडं निघालं होतं, आणि दोरी सोडल्याशिवाय त्याला परत फोन लावता येत नव्हता.